कळवळा ओसरल्यावर



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेच्या पुराने बेळगाव जिल्ह्यातली गावेच्या गावे पाण्यात गेली. तुमच्यापैकी अनेकजण तेव्हा भाकरी, चादरी, औषधे घेऊन धावलात. का धावलात, हे स्वतःला कधी विचारले आहे?

मानसशास्त्रात यावर जुना वाद आहे. डॅनियल बॅटसन म्हणतात, दुसऱ्याचे दुःख मनाला भिडले की माणूस केवळ त्याच्या भल्यासाठी धावतो. रॉबर्ट चाल्डिनी म्हणतात, ते दुःख पाहून आपणच उदास होतो; मदत हा ती उदासी घालवण्याचा उपाय. उपाशी माणसाला मात्र दोन्ही भाकरी सारख्याच.

खरा प्रश्न पुढचा आहे. पाण्याबरोबर कळवळाही ओसरतो. घरातला गाळ तसाच राहतो. दवाखान्यातही पहिली पुडी घाईने घेणारे पुष्कळ, शेवटपर्यंत पथ्य पाळणारे थोडे. मग टिकते कोण? ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी १९९५ साली अमेरिकेतील एड्सग्रस्तांच्या स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही शिकावे, आत्मविश्वास वाढावा, अशा स्वतःसाठीच्या हेतूंनी आलेले आणि कामात समाधान मिळालेले लोक अधिक काळ टिकले.

आपत्तीचे काम वेगळे असले, तरी माणसाचे मन तेच. म्हणून आलेल्याचा हेतू तपासत बसू नका. त्याला नेमके काम द्या, ते शिकवा, पाळीपाळीने विश्रांती द्या. आणि तुम्ही जाणार असाल, तर पहिल्या दिवसाबरोबर विसावा दिवसही राखून ठेवा. गाळ उपसायला तेव्हाच माणसे कमी पडतात.