हायस्कूलची एसटी

वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बाजारगावात. शिक्षणहक्क कायद्याची वयोमर्यादा १४ वर्षांची, आणि नेमकी तिथेच कितीतरी मुलींची शाळा सुटते. म्हणून एसटी इथे फळ्याखडूइतकीच गरजेची. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी धावतात. पण शेवटची गाडी पाचला आणि जादा तास सुटतो साडेपाचला, मग दहावीतली मुलगी भूमितीचं प्रमेय अर्ध्यावर टाकून फाट्याकडे पळते. हे व्हायला नको. पालकांनो, मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा, गाडीची वेळ बदलून मागा. आणि तेही जूनमध्ये शाळा भरण्याआधीच.