वादळात पडलेल्या झाडांचे लाकूड वाया घालवू नका

(कोकणातील बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत आंबा, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या. त्यातून सावरतो न सावरतो तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. झाडे पडली तशी घरांची कौले आणि पत्रेही उडाले. त्या दिवसांत एक गोष्ट मी जागोजागी पाहिली. अंगणात पन्नास वर्षांचा फणस आडवा पडलेला आणि घरमालक छपराच्या वाशांसाठी वखारीत पैसे मोजत उभा! महिनाभरात तोच फणस जळणाच्या भावाने गेला.

पडलेली बाग उभी करायला वर्षे लागतात, त्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. पडलेल्या झाडांचे काय करावे हे मात्र कोणी सांगत नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे की, अशा झाडाची किंमत पहिल्या महिना-दीड महिन्यात ठरते. त्या काळात योग्य काळजी घेतली तर ते घराचे लाकूड होते, नाही तर सरपण.

सुरुवात कोठून करावी?

प्रथम पंचनामा होऊ द्यावा आणि झाडांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, साग ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. म्हणून ओंडके हलविण्यापूर्वी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी कळवून तोडीच्या आणि वाहतुकीच्या परवानगीची चौकशी करावी. सात-बाराचा उतारा सोबत न्यावा.

तोडताना घाई करू नका. उन्मळलेल्या झाडाच्या बुंध्यात आणि फांद्यांत ताण असतो. खोड कापताच मुळांचा गड्डा उसळून पुन्हा खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कोणी उभे राहू नये. आधी फांद्या उतरवाव्यात, मग सोट कापावा. कुंपणाची तार किंवा खिळे खोडात गेले असतील तर तो भाग खडूने खुणावा. आरागिरणीचे पाते तुटले तर गिरणीवाला पुढचा ओंडका घेणार नाही.

लाकूड मोजायला शिका

विकायचे असो वा घरी वापरायचे असो, ओंडका स्वतः मोजावा. व्यापारी बहुधा पाव घेराच्या पद्धतीने मोजतात. मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. समजा, घेर १२० सें.मी. आणि लांबी ३ मीटर आहे. घेराचा पाव भाग ०.३० मीटर. ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात ०.३४ घनमीटर, म्हणजे सुमारे १२ घनफूट लाकूड असते. या पद्धतीत शेकडा २१ ते २२ भाग मोजमापाबाहेर राहतात. साल आणि चिराईतील घट लक्षात घेऊन ही रीत पडली आहे, त्यामुळे तिला फसवणूक म्हणता येणार नाही. पण भाव ठरविताना हे आपल्याला ठाऊक असावे. मोजमापातच घट धरलेली असताना व्यापारी सालीसाठी पुन्हा सूट मागू लागला, तर ती देऊ नये.

पावसाळ्यात ओंडके कसे टिकवावेत?

आपल्याकडे वादळे पावसाच्या तोंडावर येतात, ही खरी अडचण. पावसात उघड्यावर पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर थोड्याच दिवसांत निळसर-काळी बुरशी चढते आणि पाठोपाठ भुंगेरे शिरतात. गिरणीत लगेच पाळी मिळत नसेल तर आपल्या आजोबांची रीत वापरावी. ओंडके तळ्यात पूर्ण बुडवून ठेवावेत. पाण्याखाली हवा मिळत नाही, म्हणून बुरशी वाढत नाही, भुंगेरे लागत नाहीत आणि टोकेही तडकत नाहीत. अर्धवट बुडालेला ओंडका मात्र वरच्या बाजूने कुजतो. तो दगड ठेवून दाबावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत ओंडके टाकू नयेत.

तळे नसेल तर ओंडके दगडांवर उचलून सावलीत ठेवावेत आणि दोन्ही टोकांना डांबर किंवा जाड तेलरंग फासावा. लाकडातील पाणी टोकांतून सर्वांत लवकर जाते, म्हणून भेगा तेथेच पडू लागतात.

माडाची गोष्ट वेगळी आहे. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि बागेत उभ्या राहिलेल्या माडांवर जातो. म्हणून माडाचे खोड बागेत पडू देऊ नये. माडाचे बाहेरचे गडद, कठीण लाकूडच वाशांना घ्यावे. आतला भुसभुशीत भाग इमारतीच्या उपयोगाचा नाही. पोफळीचे खोड उभे फोडून त्याच्या रिपा होतात.

चिराई आणि वाळवण

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी श्रावणात ताज्या फणसाचे दार करून घेतले. सुतार नको म्हणत होता, पण घरात कार्य ठरले होते. पुढच्या वैशाखात दाराच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. त्यात लाकडाचा दोष नव्हता. ते ओले होते, एवढेच.

ओल्या लाकडातील पाणी गेले की लाकूड रुंदीत आणि जाडीत आकसते. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मे गाभ्यापासून सालीकडे आकसते. म्हणून ओंडक्याच्या मधून निघालेल्या फळ्या सरळ राहतात आणि कडेच्या पन्हळीसारख्या वाकतात. मधल्या फळ्या दारे-खिडक्यांसाठी राखाव्यात, कडेच्या रिपा आणि फडताळांसाठी घ्याव्यात. अगदी मधला नाभीचा भाग फळीत येऊ देऊ नये, तो हमखास फाटतो. तयार फळी २५ मि.मी. हवी असेल तर २९-३० मि.मी. जाडीची चिरून घ्यावी.

फळ्या रचताना पुढील काळजी घ्यावी.

१. जमिनीपासून दीड फूट उंच, सपाट बैठक करावी.

२. प्रत्येक थरात दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या सारख्या पट्ट्या घालाव्यात. वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर यावी, नाही तर फळी वाकते.

३. वर जांभ्या दगडांचे वजन ठेवावे.

४. ऊन आणि पाऊस लागू नये, वारा मात्र खेळावा. बंद खोलीत किंवा ताडपत्रीत गुंडाळून फळ्या वाळत नाहीत, बुरसतात.

कार्तिकात रचलेल्या इंची फळ्या वैशाखापर्यंत साधारणपणे कामाजोग्या होतात. खात्री करण्यासाठी एका फळीवर खूण करून दर १५ दिवसांनी तिचे वजन करावे. लागोपाठ दोन वेळा वजन तेवढेच भरले की फळी वाळली असे समजावे. वासे थोडे ओले असले तरी चालतात, दारे-खिडक्या चालत नाहीत. छप्पर आधी उभारावे, दारांना थांबावे.

कीड आणि वाळवी

गाभ्याचे गडद लाकूड टिकते. बाहेरच्या पांढरट लाकडात पिठूळ अंश असतो आणि भुंगेऱ्यांना तोच हवा असतो. आंब्याचे तर जवळजवळ सारेच लाकूड पांढरे, म्हणून त्याला प्रक्रिया हवीच. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक आम्ल विरघळवावे. चिरलेल्या ओल्या फळ्या त्यात आठवडाभर बुडवाव्यात, मग एकावर एक रचून दोन-तीन आठवडे प्लॅस्टिकखाली झाकाव्यात, म्हणजे औषध आत मुरते. त्यानंतर पट्ट्या घालून वाळवाव्यात. पावसात हे औषध धुऊन जाते, म्हणून अशा फळ्या घराच्या आतच वापराव्यात. हातमोजे घालावेत, मुलांना आणि गुरांना द्रावणापासून दूर ठेवावे. उरलेले द्रावण झाडांच्या आळ्यात ओतू नये, जादा बोरॉनने झाडे करपतात. पूर्वी बी.एच.सी. भुकटी सर्रास वापरत. आज तिच्यावर बंदी आहे. कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नये.

वाळवीवर पहिला उपाय मात्र औषधाचा नाही. खांब मातीत पुरू नये, दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उभा करावा.

जुन्या घराचे लाकूड

पडलेल्या घराचे वासे, तुळया, चौकटी फेकून देऊ नका. ते लाकूड कित्येक वर्षे वाळलेले असते. हातोडीने ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला आणि चाकूचे टोक आत शिरले नाही, तर ते चांगले समजावे. भिंतीत गेलेली टोके आधी तपासावीत, कारण कुजण्याची सुरुवात तेथून होते. तेवढा भाग कापून उरलेले लाकूड वापरता येते. खिळे मात्र एकूण एक काढावेत.

बंधुभगिनींनो, वादळ आपल्याला थांबविता येत नाही. पण आजोबांनी लावलेला फणस पडला, तर तो नातवाच्या घराचा खांब व्हावा की चुलीत जावा, एवढे आपल्या हातात आहे. गावातील चार-पाच जणांनी मिळून गिरणीची पाळी ठरविली, एक तळे आणि औषधाची एक टाकी सामायिक ठेवली, तर खर्चही वाटला जाईल. पुढच्या पावसाळ्याआधी ही जागा ठरवून ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.