ज्युबिली आणि ऋणमुक्ती



आपल्या या वज्रेश्वरीच्या परिसरात, तानसा नदीच्या काठी, उष्ण पाण्याची कुंडे आहेत. दुखरे सांधे व शिणलेले अंग घेऊन माणसे दुरून येतात आणि घटकाभर विसावा पावतात. परंतु मनावरील ओझे वस्त्रांबरोबर काठावर उतरवून ठेविता येत नाही. ते कोठे उतरवावे, हा प्रश्न आज विचारणे उचित आहे. कारण ज्युबिली ही मुळात ओझे उतरविण्याचीच पर्वणी होय.

लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात परमेश्वराने आज्ञा दिली की, दर 50 व्या वर्षी देशभर शिंग फुंकावे, विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी आणि दारिद्र्यापायी दास झालेल्याने आपल्या घरी जावे. हे शिंग फुंकावयाचे ते प्रायश्चित्ताच्या दिवशी. म्हणजे आधी देवाची क्षमा घ्यावयाची आणि मग शेजाऱ्यास मोकळे करावयाचे, हा क्रम ध्यानात ठेवा.

कर्जाचे दास्य म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावे आणि त्यापायी वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावे, अशा गरीब आदिवासींस येथे ‘लग्नगडी’ म्हणत. 1975 च्या वटहुकुमाने व 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. तरी आगाऊ उचलीपायी वीटभट्टीवर अडकलेली कुटुंबे अद्यापि आढळतात. कायद्याने बेडी तुटते, पण मनातील भय तुटावयास अधिक काळ लागतो. आत्म्याचेही असेच आहे. क्षमा मिळूनही पुष्कळ जण दासासारखेच वाकून चालतात.

प्रभू येशूने पापाला ऋणाची उपमा दिली. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातील दाखल्यात एका सेवकावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, असा हिशेब केला तर ते 6 कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. फेडणे अशक्यच! राजाने ते सर्व सोडले. तोच सेवक बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरितो, तो 100 दिनारांसाठी. आपण जो राग उराशी बाळगितो, तो या 100 दिनारांचा होय. ऋणको फिरत असतो मोकळा. ओझे वाहतो तो धनकोच.

कोणी म्हणेल, हे बोलणे सोपे आहे. तर धन्य राणी मारिया यांचे उदाहरण पाहा. इंदूरच्या धर्मप्रांतात आदिवासींस सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या या धर्मभगिनीची 25 फेब्रुवारी 1995 रोजी चालत्या बसमध्ये हत्या झाली. त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, हीही धर्मभगिनीच. 2002 साली तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधिली व त्यास भाऊ मानिले. त्यास पश्चात्ताप झाला आणि 2006 साली त्याची सुटका झाली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे राणी मारियांस धन्य घोषित करण्यात आले. येथे कोणी अपराधास अपराध म्हणण्याचे टाळिले नाही. न्यायासनाने आपले काम केले. मात्र द्वेषाचे ओझे त्या बहिणीने ख्रिस्ताच्या क्रुसापाशी ठेविले.

तथापि प्रत्येक ओझे पापाचे नसते. शोक, चिंता, दीर्घ आजार यांनी वाकलेल्यास श्रद्धा कमी पडली म्हणून दोष देऊ नका. क्रूस वाहताना प्रभूनेही कुरेनेकर शिमोनाचा खांदा घेतला. अशा वेळी वैद्याची व शेजाऱ्याची मदत घेणे हाही विश्वासच होय.

म्हणून बंधुभगिनींनो, या ज्युबिलीत दोन गोष्टी करा. पहिली, कुमसाराच्या संस्कारास या आणि वर्षानुवर्षे दडवून ठेविलेले ओझे देवापुढे उघड करा. दुसरी, घरी परतताना एक ऋण सोडा. बांधावरून अबोला धरिलेल्या भावाच्या दारी जा. गरिबास दिलेली लहानशी रक्कम विसरून जा. असे एकेक दार उघडले, तर आपल्या धर्मग्रामात ज्युबिलीचे शिंग खरोखर वाजले असे म्हणता येईल. तो दयाघन पिता आपणां सर्वांस हे सामर्थ्य देवो. आमेन.