टाळ कुठं दाबायचा
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



दिंडीची शंभर वर्षं झाली. विणेकरी, मृदंगवाले, चोपदार, सगळ्यांवर आज थोर मंडळी बोलली. आम्ही टाळाविषयी दोन शब्द बोलणार आहोत, आणि तेही पंडित भीमसेन जोशींच्या गाण्यातल्या टाळाविषयी. आमचं शिक्षण चौथी. पण पंडितजींचे अभंग चाळीस वर्षं कानावर आहेत, त्या जोरावर उभे राहिलो.

पंडितजी गदगकडचे, जन्म १९२२ चा. मायबोली कानडी. कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी शिकले. पुढं ‘संतवाणी’ म्हणून संतांचे अभंग गाऊ लागले आणि मोठमोठ्या मैफलींत विठ्ठलाचं नाव गेलं. त्यांच्या मागं बरीच वर्षं टाळ धरला तो माउली टाकळकरांनी. तबला, पखवाज, पेटी, आणि त्यात आपला वारकऱ्याचा टाळ.

आमच्याकडं पूर्वी लाईट रात्रीची यायची. दारं धरायला निघालो की टेप बरोबर. बांधावर ठेवायचा. एक वाफा भरेस्तोवर एक अभंग व्हायचा. तवा कानात फक्त पंडितजींचा आवाज बसायचा. मागं कोण काय वाजवतं, तिकडं ध्यान जात नसे. मोटारीचा आवाज असायचा, कॅसेटही घासून गेलेली. पुढं नातवानं तेच अभंग मोबाईलमध्ये भरून दिले आणि कानात घालायच्या वायरी दिल्या. तवा टाळ वेगळा ऐकू आला.

एकदा कळल्यावर आम्ही नुसता टाळच ऐकायला लागलो. शब्द चालू असतो तेव्हा टाळ दाबलेला. ठेका धरून आहे, पण कांशाचा नाद मोकळा सोडत नाही. ओळ संपली, गवयानं श्वास घेतला, की टाळ उघडतो. पुढचा शब्द आला की पुन्हा मिटतो. गजर आला की मात्र पुरता मोकळा.

मग शब्दाकडं ध्यान गेलं. नामदेवरायांचा ‘तीर्थ विठ्ठल’ घ्या. राम फाटकांची चाल. राग अहिर भैरव, हे आम्हाला गावच्या मास्तरांनी सांगितलं. पहिल्या तीन चरणांत विठ्ठल चार-चार वेळा येतो, म्हंजे बारा. शेवटच्या चरणात एकदाच, कारण तिथं नामदेवराय तो सापडला म्हणून सांगतात. आता तुम्ही तोंडानं म्हणून बघा, विठ्ठल. मधल्या ‘ठ्ठ’वर आवाज अडतो. तिथं सूर लांबवता येत नाही, इवलीशी फट पडते. गवयाला जे करायचं ते ‘वि’वर नाहीतर ‘ल’वर. पंडितजी ती फट बुजवत नाहीत. जोडाक्षर पुरतं म्हणतात, मग ‘ल’वर सूर सोडतात. त्या फटीत टाळ खणकला असता तर नाव मधोमध तुटलं असतं.

हे आज का सांगतो? गेल्या वारीत सासवडच्या मुक्कामी कीर्तन झालं. तीस पोरं टाळ घेऊन उभी, तोंडासमोर कर्णे. कीर्तन आटोपल्यावर मागच्या रांगेतली एक म्हातारी आली, पाया पडली आणि म्हणाली, “महाराज, अभंग कोणता लावला होता?” दोन तास बसली होती माउली.

तेव्हापासून दर एकादशीला भजनाआधी आम्ही पोरांना ते अभंग ऐकवतो. मग एकच चरण पाच वेळा म्हणायचा. शब्दावर टाळ दाबायचा, शब्द संपला की सोडायचा. हाताला हे लवकर येत नाही. नवा हात शब्द आला की उलट जोरात पडतो.

एका पोरानं विचारलं, “महाराज, दाबून वाजवला तर आम्ही वाजवतोय हे कुणाला कळणार?” बाकीची हसली. आम्ही हसलो नाही. घरचं काम टाकून, पायाला फोड घेऊन पोर चालतं, त्याला वाटणारच. आम्ही त्याला म्हणालो, “बाळा, आज तू टाळ ठेव आणि मागं जाऊन बस.” बसला. अर्ध्या तासानं उठून आला, काही बोलला नाही. शेजारच्याच्या मनगटाला हात लावून त्यानं खूण केली, दाब म्हणून.

शताब्दीनिमित्त नवे टाळ घ्यायचं ठरलंय, मोठे कर्णेही घ्यायचे म्हणतात. टाळ जरूर घ्या. कर्ण्याचं मात्र थोडं थांबा. आमची एवढीच विनंती आहे, की या आषाढीला मुक्कामावरचा हरिपाठ कर्ण्याशिवाय व्हावा. आणि रोज एका टाळकऱ्यानं पाळीपाळीनं मागच्या रांगेत बसावं. उठताना शेजारच्या माउलीला विचारावं, शब्द पोचले का. ती नाही म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी टाळ आणखी दाबावा.

रामकृष्ण हरी.