निळू फुले : कलापथकाने घडविलेला नट



नटाचे शिक्षण कोठे होते, या प्रश्नाची दोन उत्तरे सर्वसाधारणपणे दिली जातात : एक नाट्यविद्यालय, दुसरे घराणे. निळू फुले यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. १९३० साली जन्मलेले निळूभाऊ पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत आणि उरलेला वेळ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाला देत. हेच त्यांचे विद्यालय. दादा कोंडके आणि राम नगरकर हेही याच मुशीतून बाहेर पडले.

या विद्यालयात फी नव्हती, पण परीक्षा मात्र रोज होती. परीक्षक म्हणजे दिवसभर राबून आलेला माणूस. त्याला कंटाळा आला की तो सरळ उठून जातो. लोकनाट्यातील बतावणीत संहिता अर्धीच असते. उरलेली अर्धी समोरच्या माणसाचा चेहरा वाचून जागच्या जागी रचावी लागते. शब्द केव्हा टाकावा आणि केव्हा गिळावा, हे निळूभाऊ तेथे शिकले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने पडद्यावर आणले.

उघड्या मैदानावर तयार झालेला नट कॅमेऱ्यापुढे भडक होईल, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात उलट घडले. बतावणीत पक्की झालेली वेळेची जाण त्यांनी ठेवली आणि आवाज मात्र खाली आणला. अर्धवट मिटलेले डोळे आणि वाक्याच्या मध्यावर घेतलेली विश्रांती एवढ्या भांडवलावर ते समोरच्याला घाम फोडीत.

या कौशल्याचा सामाजिक अर्थ ‘सामना’त दिसतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा शेतकरीच मालक होईल, अशी आशा होती. पाव शतकानंतर, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविल्या गेलेल्या या चित्रपटाने त्या आशेचा हिशेब मागितला. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. निळूभाऊंचा हिंदुराव मास्तरावर ओरडत नाही. तो त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, मोठ्या अभिमानाने आपले साम्राज्य दाखवितो. सत्ता दंडुक्याआधी पाहुणचार वापरते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून क्वचितच इतकी स्पष्ट होते. हिंदुराव निव्वळ राक्षस असता, तर प्रेक्षक त्याचा तिरस्कार करून निर्धास्तपणे घरी गेला असता. तो कर्तबगार आणि ओळखीचा वाटतो, म्हणूनच बेपत्ता मारुती कांबळेचा प्रश्न प्रेक्षकाचा पाठलाग सोडीत नाही.

बाजाराने मात्र या नटाचा वापर कसा केला? एकदा खपलेला माल पुन्हा पुन्हा काढावा, हा बाजाराचा नियमच आहे. कपटी पाटलाच्या एकाच साच्याच्या भूमिका त्यांच्या वाट्याला ढिगाने आल्या. पडद्यावरील त्या दुष्टपणामुळे प्रत्यक्षातही स्त्रिया त्यांना बिचकत. परंतु १९७२ चा ‘सखाराम बाइंडर’ आणि १९७९ च्या ‘सिंहासन’मधील पत्रकार दिगू टिपणीस पाहिले म्हणजे त्या साच्याबाहेर केवढा नट शिल्लक होता, हे कळते. सखाराम अंगावर येतो. दिगू बहुतांशी केवळ पाहतो आणि ऐकतो. नुसते ऐकत राहणे हाही अभिनय असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

भूमिका आणि माणूस यांतील अंतर त्यांनी आयुष्यभर राखले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उभे राहिले. कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी जमविण्यास डॉ. लागूंसमवेत पुढे आले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

त्यांच्या आठवणी सांगून डोळे पुसणे सोपे आहे. अवघड प्रश्न निराळा आहे. अभिनयाचे शिक्षण आज मुख्यतः ज्याच्या खिशात पैसा आहे, त्याच्यासाठी आहे. बागेत पाणी घालणाऱ्या एखाद्या तरुणाच्या अंगी असेच गुण असतील, तर संध्याकाळी त्याने कोणत्या दारात जावे? कलापथके ओसरू दिली, तेव्हा केवळ प्रचाराचे एक साधन गेले असे आपण मानले. वस्तुतः गेली ती एक शाळा. ती पुन्हा उघडण्यास इमारत लागत नाही. एक मोकळे अंगण आणि नेमाने येणारी दहा माणसे पुरतात.