रुग्णसेवा आणि परिचारिकांचा संघ
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सातारा येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ज्यांनी हे देऊळ उभारले आणि ज्यांनी येथे श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला, त्यांचे स्मरण आपण कृतज्ञतेने केले आहे. आता ज्या भगिनींविषयी आम्ही चार शब्द बोलू इच्छितो, त्यांच्यापैकी कित्येक जणी या सभेस हजर नाहीत. त्या या घटकेस रुग्णालयात पाळीवर आहेत. रविवारच्या पहिल्या मिस्सेस शेवटच्या बाकावर बसून मध्येच डुलकी घेणारी एखादी तरुणी आपण पाहिली असेल. ती आळशी नव्हे. रात्रभर परक्यांच्या उशाशी उभी राहून ती सरळ प्रभूच्या भेटीस आलेली असते. काहींची घरे येथली, सांगली-मिरजेकडची आहेत. काहींची दूर केरळात आहेत. त्या सर्व आमच्याच आहेत.

या भगिनी आपले संघ स्थापतात, वेतनाची व पुरेशा मनुष्यबळाची मागणी करतात, प्रसंगी संपही करतात. तेव्हा आपल्यातील काही भाविक कानांवर हात ठेवून म्हणतात, "सेवेचे व्रत घेतले आणि पैशाची भाषा करतात!" हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

दयाळू शमरोनी माणसाचा दाखला आपणांस तोंडपाठ आहे. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस घातला आणि त्या घायाळास उतारशाळेत नेले, हे आपण मुलांना सांगतो. परंतु पुढील गोष्ट आपण घाईने वाचतो. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे वचन दिले. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. शमरोन्याने त्या रक्षकास दयेचा उपदेश करून शुश्रूषा फुकट मागितली नाही. आज बहुतेक घायाळांची रात्र उतारशाळेच्या रक्षकाच्याच हाती असते, आणि तो रक्षक म्हणजे आमची परिचारिका. तिचे दिनार कोण देतो, किती देतो, हा प्रश्न दयेच्या बाहेरचा नसून दयेच्या पोटातलाच आहे.

संघटना आणि शुश्रूषा या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत, असे आपल्या महाराष्ट्राचा इतिहास तर मुळीच सांगत नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांचा संघ काढला. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी मजुरास विसावा हवा, असे मागणे त्यांनी मांडले आणि 1890 साली ती सुट्टी मिळवली. ज्या रविवारी आपण निश्चिंतपणे मिस्सेस येतो, त्या सुट्टीवर अशा रीतीने एका कामगारसंघाचे ऋण आहे. हेच लोखंडे प्लेगच्या साथीत रुग्णालय उघडून रुग्णांसाठी राबले आणि फेब्रुवारी 1897 मध्ये त्याच रोगाने निवर्तले. पुढच्याच महिन्यात, 10 मार्च रोजी, सातारा जिल्ह्यातील नायगावची लेक सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. पुण्याजवळ प्लेगने पछाडलेल्या मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले होते. आणि त्याच 1897 साली मिरजेत डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. प्रॉटेस्टंट बंधूंनी लावलेल्या त्या रोपाची सावली आमच्याही कित्येक घरांना लाभली आहे.

परिचारिकांनी स्वतः एकत्र येणे ही देखील आजकालची टूम नव्हे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1908 सालची आहे. त्यानंतर 1946 साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा या देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. आज संख्या पुष्कळ वाढली आहे, तरी वॉर्डातील ओढाताण संपलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात खाटेगणिक एक परिचारिका हवी. ज्याने आपल्या आप्ताच्या उशाशी रुग्णालयात रात्र काढली असेल, त्याने हे प्रमाण स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहावे.

हा प्रश्न केवळ त्यांच्या श्रमाचा नाही, आपल्या प्राणाचाही आहे. युरोपातील नऊ देशांच्या 300 रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेवर एका अधिक रुग्णाचा भार पडला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला त्यात आढळला. यावरून, अधिक परिचारिका नेमा असे जेव्हा संघ म्हणतो, तेव्हा तो रुग्णाचेच वकीलपत्र घेऊन उभा असतो, हे उघड आहे.

याचे सर्वांत मोठे प्रमाण मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दिले आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका काम संपवून तळघरात कपडे बदलत असता तेथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष अत्याचार केला. तिच्या मेंदूस कायमची इजा झाली. त्या वेळी मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. अरुणेची नीट व्यवस्था आणि स्वतःसाठी सुरक्षित कामाची जागा, या दोन मागण्या त्यांनी एकत्रच मांडल्या. पुढे 1980 नंतरच्या काळात तिला रुग्णालयातून हलवून खाट रिकामी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही परिचारिका निषेधास उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. 2011 साली सर्वोच्च न्यायालयापुढे तिच्या मरणाचा प्रश्न आला. इतकी वर्षे अंथरुणास खिळूनही तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता! तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या सेवकवर्गास दिला. 18 मे 2015 रोजी ती प्रभूच्या स्वाधीन झाली, तोवर जवळजवळ 42 वर्षे परिचारिकांच्या एका पिढीने दुसरीकडे तिची शुश्रूषा सोपवली होती. संप करणारे हात आणि तिला भरवणारे हात एकच होते, हे आम्ही विसरू नये.

आता वेतनाकडे वळू. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या दुःस्थितीबद्दल ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनने न्यायालयात दाद मागितली आणि 29 जानेवारी 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने शिफारस केली, की 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे. 100 ते 200 खाटांच्या ठिकाणी ते दहा टक्क्यांहून, आणि 50 ते 100 खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे. आणि लहानात लहान रुग्णालयातही दरमहा 20,000 रुपयांखाली जाऊ नये. शिफारस झाली, परंतु शिफारशीने चूल पेटत नाही. सरकारी सेवेतही तेच भय वेगळ्या वेषाने आले. मे 2022 मध्ये महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने संप पुकारला, तो कंत्राटदारामार्फत परिचारिका भरण्याच्या धोरणाविरुद्ध होता. जुलै 2025 मध्ये पुन्हा तोच विषय, वेतनातील तफावतीसह, रस्त्यावर आला.

कोणी विचारील, संपाच्या काळात रुग्णाने काय करावे? हा प्रश्न टाळता येत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण येथे दोन्ही बाजू सांभाळते. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या आपल्या परिपत्रकात कामगारांचा संघ स्थापण्याचा हक्क हा निसर्गदत्त मानला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली संप हा न्याय्य पण अखेरचा उपाय म्हणून मान्य केला आणि समाजाच्या अत्यावश्यक सेवा मात्र कोणत्याही स्थितीत चालू राहिल्या पाहिजेत, असे निक्षून सांगितले. यास्तव अतिदक्षता विभाग, प्रसूतिगृह व तातडीचे रुग्ण यांस संपातही वाऱ्यावर सोडता कामा नये. हे बंधन संघावर आहे. परंतु त्याहून मोठे बंधन मालकावर आहे. शेवटच्या उपायापर्यंत त्यांस जावेच लागू नये, म्हणून पहिल्याच अर्जाचे उत्तर वेळेवर देणे हे त्याचे कर्तव्य आहे. जो अर्ज दाबून ठेवतो आणि मग संपास पाप म्हणतो, त्याने आधी आपला सदसद्विवेक तपासावा.

आणि येथे आम्ही स्वतःसही वगळू शकत नाही. धर्मादाय म्हणवणाऱ्या संस्थांतही, "हे सेवाकार्य आहे" एवढ्या एका वाक्यावर तुटपुंजे वेतन, लांबलेली पाळी आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे झाकली जाऊ शकतात. व्रतस्थ भगिनी स्वेच्छेने दारिद्र्याचे व्रत घेतात. घरी म्हातारे आईबाप व शिक्षणाचे कर्ज असलेल्या मुलीवर ते व्रत दुसऱ्याने लादावयाचे नसते. आपण अर्पण करावयाचे ते आपले स्वतःचे; दुसऱ्याची मजुरी वेदीवर ठेवून पुण्य जोडता येत नाही. शेतात राबणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असा इशारा संत याकोबाने आपल्या पत्रात दिला आहे. वॉर्डातील मजुरी याहून निराळी कशी असेल?

तेव्हा महोत्सवाची आठवण म्हणून आपण थोडे काही करावे, अशी विनंती आहे. आपल्यापैकी जे रुग्णालये चालवतात, त्यांनी संघाच्या भगिनींस शत्रू न मानता मेजाजवळ खुर्ची द्यावी. जे रुग्ण म्हणून जातात, त्यांनी परिचारिकेवर आवाज चढवण्यापूर्वी तिच्याकडे किती खाटा आहेत, हे विचारावे. ज्यांच्या मुली या शिक्षणास जातात, त्यांनी बाँडचा कागद वाचल्याशिवाय सही करू देऊ नये. आणि परक्या गावी राहणाऱ्या परिचारिकेस सणाच्या दिवशी आपल्या ताटावर बोलवावे. तिची रात्रपाळी असेल तर डबा पोहोचवावा.

शमरोनी परत येणार होता आणि हिशेब पुरा करणार होता. आपला प्रभूही परत येणार आहे. उतारशाळेच्या रक्षकाचे देणे फिटले की नाही, हे तो पाहील. त्या दिवशी आम्हास मान खाली घालावी लागू नये, एवढीच कृपा परमपित्याजवळ मागून आम्ही आपली रजा घेतो.