रक्ताचे थेंब आणि वेळेचें गणित

वाळवा तालुक्यांतील आष्टा येथें एखादें मूल चार दिवस तापानें फणफणलें, आणि डॉक्टरांनीं ‘आधीं रक्त, मग औषध’ असें म्हटलें, कीं आईबापांचा जीव टांगणीस लागतो. मूल तळमळत असतां त्याचें रक्त कां काढावें, आणि निकालास एक-दोन दिवस कां लागावे, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर जंतूंच्या संख्येंत आहे.

रक्तसंवर्धन, ज्यास दवाखान्यांत ब्लड कल्चर म्हणतात, तें एका अर्थीं पेरणीच होय. बाटलींतील पोषक द्रवांत रक्त घालून ती शरीराइतक्या उबेंत ठेवितात. एका जंतूचे दोन, दोहोंचे चार अशी वाढ होतां होतां त्यांनीं सोडलेला कार्बन डायॉक्साइड वायु पुरेसा सांचला, म्हणजे यंत्र इशारा देतें.

जंतू दहापट कमी असले, तर ती तूट भरून येण्यास त्यांस तीन-साडेतीन वेळां दुप्पट व्हावें लागतें. एका दुपटीस अर्धा तास धरिला, तर उशीर सुमारें पावणेदोन तासांचा होतो. शंभरपट कमी असले, तरी सुमारें सव्वातीन तासांचाच. विरळ पेरणीचें पीक उशिरा येतें, पण येतें.

खरी भीति दुसरीच. विषमज्वरांत एक मिलिलिटर रक्तांत पुष्कळदां सरासरीनें एखादाच जंतू असतो. अशा वेळीं एकच मिलिलिटर रक्त घेतलें, तर शंभरांपैकीं सुमारें ३७ बाटल्यांत एकहि जंतू उतरणार नाहीं. तीन मिलिलिटर घेतलें, तर अशा बाटल्या सुमारें ५ च राहतील. रित्या बाटलीपुढें पांच दिवस वाट पाहिली तरी ती व्यर्थ. जंतुनाशक औषधाची मात्रा आधींच पोटांत गेली असेल, तर उरलेसुरले जंतूहि मंदावतात.

म्हणून मुलाच्या वजनास सोसेल तितकें रक्त औषधापूर्वीं घ्यावें. त्यास कांहीं मिनिटेंच लागतात. मूल अत्यवस्थ असेल, तर रक्त घेतांच औषध सुरू करावें, निकालासाठीं थांबूं नये. बाटली सांगली-मिरजेस धाडावयाची असेल, तर ती बर्फांत न ठेवतां लवकर पोंचवावी.

या थेंबांचें मोल एका घरापुरतें नाहीं. २०१८ सालीं नवी मुंबई महानगरपालिकेनें ९ महिने ते १४ वर्षें वयाच्या मुलांस विषमज्वराची नवी लस टोचण्यास आरंभ केला. तिचा गुण किती आला, हें ताडून पाहण्यास आधार झाला तो रक्तसंवर्धनाचाच. एका मुलाच्या रक्तांत जंतू सांपडला, म्हणजे त्यास नेमकें औषध मिळतें. आणि अशा नोंदी जुळल्या, म्हणजे गांवाचें पाणी केव्हां तपासावें आणि लस कोणास द्यावी, हें कळूं लागतें.